जड बाईक गॅरेजमध्ये लावणं आणि बाहेर काढणं: आधी क्रम, मग जोर

रस्त्यावर वर्षानुवर्षं न पडलेली बाईक घरच्या गॅरेजच्या दारात आडवी होते, तीही इंजिन बंद असताना. मग टाकीला पोचा, तुटलेला लिव्हर आणि "वजनच झेपलं नाही हो" हे ठरलेलं कारण. (गॅरेज म्हणजे इथे मेकॅनिकचं दुकान नव्हे, घरची गाडी ठेवायची जागा.) वजन तर विकत घेतानाही तेवढंच होतं. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम. स्टँड आधी उडवलेला असतो आणि हँडल लॉक असल्याचं मग कळतं, किंवा गाडी उतारावर आल्यानंतर ब्रेकवर हात नाही हे लक्षात येतं.

एक छोटा हिशोब आधी मांडतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सपाट, गुळगुळीत जमिनीवर २५० किलोची गाडी उभी धरून ढकलायला पाच-सात किलोचा जोर पुरतो. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावर तीच गाडी आणखी २५ किलो मागते, आणि तोही सतत. कलण्याचा हिशोब याहून वाईट. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर ५ अंश कललेली गाडी हँडलपाशी साधारण १२ किलोचा भार टाकते. १५ अंशांवर तो ३५ किलो होतो, ३० अंशांवर जवळपास ७०. पहिल्या दहा अंशांत गाडी तुमच्या हातात असते. त्यापुढे फार तर ती हळू टेकवता येते.

१. आत जाण्याआधी बाहेर येणं ठरवा

मोजके अपवाद सोडले तर बाईकला रिव्हर्स गिअर नसतो. होंडाच्या गोल्ड विंगला तो दिलाय, कारण तिचं टूर मॉडेल ३७५ किलोच्या वर जातं. बाकीच्यांना उलट दिशेचं इंजिन म्हणजे स्वतःचे पाय. म्हणून नियम एकच: चढावर उलटं ढकलायची वेळ स्वतःवर आणायची नाही.

गॅरेज रस्त्यापेक्षा उंच असेल तर इंजिनवर, सरळ तोंडानं आत जा. बाहेर येताना उतार गाडीला आपोआप मागे आणतो, तुम्ही फक्त तोल आणि वेग सांभाळायचा.

गॅरेज रस्त्यापेक्षा खाली असेल तर याच्या उलट. बाहेर सपाटीवर गाडी वळवून घ्या आणि मागचं चाक पुढे करून हळूहळू उतरवा. बाहेर निघताना इंजिन चढवेल. इथे तोंडानं आत शिरणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना हाका मारत असतो.

सगळं सपाट असेल तर मत ज्याचं त्याचं. मी उलटी लावतो. संध्याकाळी दमलेले असलो तरी वेळ असतो, सकाळी घाई असते. गाडी पडते ती घाईत.

२. जागा आधी, गाडी नंतर

रिकाम्या गॅरेजमध्ये टेप घेऊन उभे राहा. मोजायची ती गाडीची सगळ्यात रुंद जागा, आणि ती चाकांपाशी नसते. हँडलची टोकं, आरसे, लेग गार्ड, बाजूच्या पेट्या यांतलं जे सर्वात बाहेर येतं ते धरा. आरशांसकट रुंदी एक मीटरच्या आसपास जाणं सहज शक्य आहे. दाराची मोकळी रुंदी त्याहून निदान ६० सेंटिमीटर जास्त हवी, कारण दारातून गाडी एकटी जात नाही, तिच्या डावीकडे तुम्हीही असता. हे निम्मे लोक विसरतात आणि दाराच्या चौकटीत स्वतःच अडकतात.

जमीन झाडून घ्या. फरशीवर पसरलेली बारीक वाळू, ऑइलचे थेंब, कूलंटचा ओघळ, पावसात भिजून आलेल्या टायरचं पाणी, यांतलं काहीही बुटाखाली आलं की पाय सरकतो. रंगवलेली किंवा गुळगुळीत टाइल लावलेली जमीन ओली असेल तर आधी कोरडी करा. चप्पल घालून हे काम करू नका. नुसता पाय चिरडला जाईल म्हणून नाही. चपलेत पाय फिरतो आणि तुमच्या जोराला आधारच राहत नाही.

आता उंबरा. शटरची पट्टी किंवा दोन सेंटिमीटरची सिमेंटची कड दिसायला काहीच नसते. पण तिला टेकून थांबलेलं चाक वर चढवायला सपाटीच्या कितीतरी पट जोर लागतो, आणि तो जोर लावताना माणूस वाकतो, गाडी कलते. अशा कडेला दोन्ही बाजूंनी कायमचा सिमेंटचा किंवा रबराचा उतार करून घ्या. खर्च एकदाच.

पायरी मोठी असेल तर फळी लागते. १५ सेंटिमीटरच्या पायरीला निदान १२० सेंटिमीटर लांब फळी घ्या, त्याहून आखूड फळीचा चढ फार उभा होतो. चाकाखालच्या फळीइतकीच महत्त्वाची तुमच्या पायाखालची फळी. चाक फळीवरून चढतंय आणि तुम्ही शेजारी १५ सेंटिमीटर खाली चालताय, या अवस्थेत हँडल छातीपर्यंत येतं आणि गाडी तुमच्यापासून लांब, उजवीकडे जाते. फळी रुंद घ्या किंवा शेजारी दुसरी टाका, आणि दोन्ही वरच्या टोकाला घट्ट अडकवा. बुटकी क्रूझर असेल तर फळी संपते तिथल्या कोपऱ्यावर गाडीचं पोट घासत नाही ना, हे कुणाला तरी बाजूनं पाहायला सांगा.

तपासा: शटर पूर्ण वर आहे का? अर्ध्यावर सोडलेल्या शटरला आधी विंडस्क्रीन लागते, मग कपाळ. दार विजेवर आपोआप बंद होणारं असेल तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करा.

३. गाडीला हात लावण्याआधी

याचा क्रम ठरवून ठेवा आणि रोज तोच पाळा:

१) डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप), साखळी, कव्हर काढा.
२) हँडल लॉक उघडा आणि हँडल दोन्हीकडे एकदा पूर्ण फिरवून बघा.
३) टाकीवरची बॅग, सीटवरचं सामान, आरशाला लटकवलेलं हेल्मेट बाजूला ठेवा.
४) गिअर न्यूट्रलमध्ये की पहिल्यात, ते ठरवा. सपाटीवर न्यूट्रल, उतारावर पहिला.
५) पुढचा ब्रेक दाबून बघा.
६) गाडी सरळ उभी करा, तोल हातात घ्या, आणि मगच स्टँड वर करा.

पहिल्या मुद्द्याचं मोल मी भरून शिकलो. पुढच्या डिस्कला लॉक होतं, मी विसरलो. गाडी सरळ केली, स्टँड उडवला, मागे ढकलली. जेमतेम वीतभर मागे गेली आणि लॉक फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, जाऊन अडकलं: खट्ट. पुढचं चाक थांबलं, माझं अंग मागेच जात राहिलं, गाडी उजवीकडे झुकली. हातातून निसटतेय हे कळलं तोवर उजवा आरसा भिंतीवर घासत खाली चालला होता. भिंत होती म्हणून गाडी पूर्ण आडवी झाली नाही. आता लॉक लावलं की एक लाल फडकं क्लचच्या लिव्हरला बांधतो. दिसायला गबाळं दिसतं, चालतं.

हवेचा दाबही बघा. महिनाभर उभ्या गाडीच्या टायरमधली हवा उतरलेली असते आणि मऊ टायर ढकलायला बराच जड जातो. "आज गाडी फारच जड लागतेय" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा टायरमध्येच सापडतं.

सावध: बंद गॅरेजमध्ये इंजिन गरम करत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडी बाहेर काढा, मग स्टार्ट करा.

४. उभं कुठे राहायचं, हात कुठे ठेवायचे

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक चुका याच जागी होतात.

गाडीच्या डावीकडे उभे राहा. स्टँड तिकडेच आहे, काही बिनसलं तर एका पायानं तो खाली करता येतो. दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर. उजवी कंबर टाकी आणि सीट मिळतात तिथे टेकलेली. गाडी स्वतःकडे अगदी किंचित, दोन-तीन अंश कललेली.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पुष्कळ जण गाडी अगदी सरळ धरायला जातात. सरळ गाडी कुठल्याही बाजूला जाऊ शकते, आणि पलीकडे गेलेली गाडी तुम्ही ओढून आणू शकत नाही. हात लांब, पाय अलीकडे, मध्ये गाडी. किंचित तुमच्याकडे कललेली गाडी मात्र कंबरेवर विसावते. तोल कंबर सांभाळते, हात फक्त दिशा देतात. हात थरथरायला लागले तर समजा की कंबर सुटलीय.

सपाटीवर लांब सरळ जायचं असेल तर उजवा हात ग्रॅब रेलवर (मागे बसणाऱ्यानं धरायच्या दांडीवर) नेता येतो, ढकलायला सोपं पडतं. पण त्या क्षणी ब्रेक तुमच्याकडे नाही. जरासा उतार असेल तरी ही पद्धत बाद.

बसून पाय मारत मागे घ्यायची सवयही अनेकांना असते. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकत असतील तर जरूर घ्या. चवड्यांवर उभं राहून २५० किलो मागे ढकलणं मात्र नको, एखादा खड्डा आला की संपलं. बसलेले असताना गाडी हलत नसेल तर एक युक्ती आहे: पुढचा ब्रेक दाबा, अंगाचं वजन पुढे टाकून फोर्क दाबा, आणि फोर्क वर उसळताना ब्रेक सोडा. तेवढ्या उसळीनं गाडी वीतभर मागे सरकते आणि अडकलेलं चाक सुटतं.

सावध: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. चालण्याच्या वेगातसुद्धा गाडी त्या बाजूला खाली बसते. आधी हँडल सरळ, मग ब्रेक, तोही पिळल्यासारखा. उभ्याउभ्या पडलेल्या गाड्यांमागचं हे नेहमीचं कारण.

५. सपाटीवर उलट बाहेर काढणं

मागे बघा, पूर्ण वाट बघा, मग पुढे बघून पहिलं पाऊल टाका. पावलं लहान, एकावर एक न येणारी. तीन-चार पावलांनी थांबा, पुन्हा मागे बघा. चालता चालता मान वळवून मागे बघत राहिलात तर कंबर गाडीपासून सुटते.

दिशेचा गोंधळ होतो, तर हे पाठ करा: उलटं जाताना हँडल डावीकडे वळवलं की गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो. त्याच वेळी पुढचा भाग उजवीकडे फेकला जातो. दाराच्या चौकटीला लागतो तो हाच भाग, म्हणून पुढचं चाक दाराबाहेर येईपर्यंत वळवायचं नाही.

इंजिन चालू ठेवून शेजारी चालत गाडी नेणारे दिसतात. मी ते टाळतो, तुम्हीही टाळा. गाडी कलली की हात आपोआप मूठ आवळतो आणि उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर असतो.

६. उतारावरून उलट उतरवणं

सगळ्यात जास्त गाड्या इथे हातातून जातात, आणि कारण लक्षात आलं तर उपायही सोपा आहे. मागे उतरताना गाडीचं वजन उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे मागच्या चाकावर जातं. पुढचं चाक हलकं होतं. अशा हलक्या चाकाचा ब्रेक दाबला की धूळ, ओल किंवा शेवाळ असलेल्या उतारावर चाक बंद होऊनही घसरत खाली येतं. तुम्ही आणखी जोरात दाबता, ते आणखी घसरतं.

म्हणून मागच्या चाकाला धरा, क्लचनं:

१) इंजिन बंद, पहिला गिअर.
२) डाव्या हातानं क्लच पूर्ण दाबा. गाडी मोकळी होईल.
३) क्लच हळूहळू सोडा. इंजिन मागच्या चाकाला अडवेल आणि गाडी थांबेल.
४) थोडा दाबा, एक पाऊल उतरा, सोडा, थांबा. पुन्हा तेच.

पुढचा ब्रेक जोडीला असू द्या, मुख्य काम क्लचला द्या. आधी सपाटीवर दोन-चारदा करून बघा, क्लच नेमका कुठे धरतो ते बोटांना कळू द्या. चाक वेगात फिरत असताना क्लच एकदम सोडला तर धक्का बसेल, म्हणून वेग मुळातच वाढू द्यायचा नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत हा उपाय चालत नाही. तिथे बसून मागचा ब्रेक वापरा किंवा मदतीला माणूस घ्या.

मदतनीस कुठे उभा राहतो हेही बघा. बहुतेक जण गाडीच्या मागे, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणतात. गाडी सुटली तर पहिला चिरडला जाणारा तोच. त्याला गाडीच्या उजव्या बाजूला, ग्रॅब रेल धरून उभं करा, सायलेन्सरपासून पाय दूर. हँडलला हात फक्त तुमचा. आणि त्याच्याकडून एकच शब्द ठरवून घ्या: "थांब." तो ऐकू आला की कारण न विचारता थांबायचं.

७. आत लावणं

तोंडानं आत जाताना बाहेरच गॉगल काढा, हेल्मेटची काच वर करा, हेडलाइट चालू आहे ना ते बघा. उन्हातून अंधाऱ्या गॅरेजमध्ये शिरताना डोळ्यांना सरावायला काही क्षण लागतात आणि नेमक्या त्याच क्षणांत समोर सायकल उभी असते. मागच्या ब्रेकवर, हाफ क्लचवर, सरळ रेषेत आत जा. दारात वळण घ्यावं लागणार असेल तर ते बाहेरच संपवा.

उलटी लावताना एक गफलत हमखास होते. गाडी उलटी झाली की तिची डावी बाजू गॅरेजच्या दुसऱ्या भिंतीकडे जाते. तोंडानं लावताना ज्या भिंतीशी मोकळी जागा सोडायची सवय आहे, ती आता चुकीची बाजू. स्टँड उघडायला, उतरायला आणि उभं राहायला गाडीच्या डावीकडे निदान ७० सेंटिमीटर हवेत. उजवीकडे आरसा आणि भिंत यांच्यात हातभर पुरे.

गाडी नेमकी बसली की पुढच्या टायरच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा, स्टँड टेकतो तिथे दुसरी. पुढच्या वेळी अंदाज करायचा नाही.

८. आतल्या आत वळवायची असेल

शक्य असेल तर टाळा. नाहीच जमलं तर डावीकडे वळणारी चाल निवडा. तुम्ही डावीकडे उभे असताना हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की डावी मूठ पुढे जाते, गाडीचं नाक पलीकडे झुकतं आणि तोल तुमच्यापासून दूर पळतो. उजवीकडे वळावंच लागलं तर हँडल पूर्ण शेवटापर्यंत नेऊ नका, गाडी आणखी जराशी स्वतःकडे झुकवा आणि एका वेळी फूटभरच हला. पुढे, मागे, पुढे, मागे. सहा चालींत झालं तरी हरकत नाही.

साइड स्टँडवर गाडी टेकवून गर्रकन फिरवण्याची करामत बघायला छान आहे. स्टँड त्यासाठी बनवलेला नसतो. वाकला तर गाडी थेट तुमच्या पायावर. जागा खरोखरच अपुरी असेल तर चाकांची ट्रॉली मिळते, पण ती फक्त सपाट, फटी नसलेल्या जमिनीवर. तिची छोटी चाकं एका खड्यालाही अडतात.

९. स्टँडवर टेकवणं

साइड स्टँड पायानं पूर्ण पुढे ढकला, आवाज ऐका, मग गाडी टेकवा. टेकवल्यावर हँडल डावीकडे, पहिला गिअर.

बहुतेक गाड्यांचा साइड स्टँड मागच्या बाजूला घडी होतो. गाडी पुढे सरकली की तो मिटतो. त्यामुळे जमिनीला जरासा जरी उतार असेल तरी गाडीचं नाक चढाच्या बाजूला हवं आणि गिअर पडलेला हवा. याशिवाय पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्ट्यानं किंवा जाड रबरानं मुठीला आवळून ठेवा. जमीन आडवी तिरकी असेल तर स्टँडची बाजू उंच येऊ देऊ नका, गाडी फार सरळ उभी राहते आणि नुसत्या धक्क्यानं उजवीकडे जाते.

सेंटर स्टँडला ताकद लावणारे कंबर दुखवून घेतात. गाडी सरळ करा, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचं पायाला जाणवू द्या, मग अंगाचं सगळं वजन स्टँडच्या खुंटीवर उभं करा. हात गाडीला फक्त वाट दाखवतो.

१०. तोल गेलाच तर

सोडून द्या. पंधरा-वीस अंशांपलीकडे गेलेली गाडी पकडायला गेलात तर गुडघा, पाठ किंवा पाऊल जाईल. तुमच्या बाजूला येत असेल तर दोन पावलं मागे. पलीकडे जात असेल तर हँडल सोडा, नाहीतर ते तुम्हाला ओढून वर पाडेल. लिव्हर बाजारात मिळतो.

पडल्यावर आधी चावी बंद. पेट्रोल सांडत असेल तर दार उघडून हवा खेळती करा, आसपास ठिणगी नको. गाडी उजवीकडे पडली असेल तर पडल्या पडल्याच साइड स्टँड उघडा आणि पहिला गिअर टाका, म्हणजे उभी केल्यावर ती स्टँडवर टेकेल. डावीकडे पडली असेल तर स्टँड कामाचा नाही. उभी करताना पलीकडे जाऊ नये म्हणून उजवीकडे एक माणूस उभा करा.

उचलताना गाडीकडे पाठ करा. सीटला बूड टेकवा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात सीटखालचा मजबूत रॉड. पाठ सरळ, गुडघे वाकवलेले, आणि पायांनी मागे ढकलत छोटी पावलं टाका. हा सगळा पायांचा जोर आहे. शेवटच्या टप्प्यात गाडी एकदम हलकी लागते, तिथे वेग कमी करा.

उभी झाल्यावर लगेच बटण दाबू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो; चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की तो सुटतो. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर पूर्ण चालतात का, हँडल कुठे अडकत नाही ना, खाली ऑइल गळतंय का, ते बघा. निघाल्यावर पहिल्या दहा फुटांत दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून घ्या.